गाईडातला मुसलमान

बी.ए.ला समाजशास्त्र घेणाऱ्या विद्यार्थ्याला एक प्रश्न कधी ना कधी सोडवावाच लागतो : ‘मुस्लिम विवाहाचे स्वरूप सांगून हिंदू विवाहापासून त्याचे वेगळेपण स्पष्ट करा.’ उत्तर ठरलेले असते. हिंदू विवाह हा संस्कार, मुस्लिम विवाह हा करार. त्यानंतर मेहर, त्यानंतर बहुपत्नीत्व, त्यानंतर तलाकचे प्रकार आणि शेवटी पडदा. पाच मुद्दे, दहा गुण. आमच्या जिल्ह्यातल्या शेख, सय्यद, पठाण, बागवान, कुरेशी घरांतल्या मुलीही हेच उत्तर पाठ करतात. मोहल्ल्यातली पन्नास लग्ने जिने डोळ्यांनी पाहिली, जिला हळदीच्या रात्रीची गाणी तोंडपाठ आहेत, जुमागीला कुणाला जेवायला बोलवायचे हे जिला ठाऊक आहे, आईच्या गळ्यातली काळी पोत जी जन्मापासून पाहते आहे, ती मुलगी मुस्लिम लग्न कसे असते हे गाईड उघडून शोधते! आणि त्या गाईडात तिला हळद सापडत नाही, काळी पोत सापडत नाही, जहेजासाठी बापाने काढलेले कर्ज सापडत नाही. तिथे सापडतो तो चार बायका करणारा, तीनदा तलाक म्हणणारा एक कागदी मुसलमान. गल्लीत हा माणूस तिला भेटलेला नसतो. पण गुण मात्र त्याच्याविषयी लिहिल्यावरच मिळतात.

या गाईडातल्या मुसलमानाविरुद्ध आमची तक्रार आहे. त्याहून मोठी तक्रार आहे ती आमच्याच माणसांविरुद्ध, ज्यांनी त्याला तिथे इतकी वर्षे सुखाने नांदू दिले.

निकाह हा करार आहे, हे खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. तो करारच आहे, त्यात बाईची संमती आहे, बाईचा मेहर आहे, आणि याचा आम्हाला अभिमान आहे. पण शरियतमध्ये काय लिहिले आहे हे सांगणे हे कायद्याच्या वर्गाचे काम. लोक प्रत्यक्षात कसे वागतात आणि तसे का वागतात, हे शोधणे समाजशास्त्राचे काम. त्याच गाईडात हिंदू समाजाविषयी लिहिताना जात येते, गाव येते, प्रदेश येतो, शहरीकरण येते, बदल येतो. मुस्लिम समाजाचे प्रकरण लागले की सगळे एकदम थिजते. केरळचा मापिल्ला, रत्नागिरीचा कोकणी मुसलमान, मालेगावचा विणकर मोमीन आणि परभणीच्या भाजीमंडईतला बागवान यांची मोट एकाच परिच्छेदात बांधली जाते. या मुसलमानाला गाव नाही, धंदा नाही, भाषा नाही, सालसुद्धा नाही. इतर सारे समाज आहेत. आम्ही फक्त एक प्रकरण आहोत.

आता बहुपत्नीत्वाचेच घ्या. स्त्रियांच्या दर्जाविषयी केंद्र सरकारने नेमलेल्या समितीचा अहवाल १९७४ साली आला. त्यात १९६१ च्या जनगणनेच्या वेळच्या पाहणीचे आकडे आहेत. एकाहून अधिक बायका असण्याचे प्रमाण आदिवासींमध्ये सर्वांत जास्त, पंधरा टक्क्यांच्या वर. हिंदूंमध्ये ते ५.८ टक्के आणि मुसलमानांमध्ये ५.७ टक्के निघाले. म्हणजे ज्यांना कायद्याने मनाई आणि ज्यांना मुभा, ते दोघे जवळजवळ एकाच पातळीवर. पुढे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मुसलमानांमध्ये १.९ टक्के आणि हिंदूंमध्ये १.३ टक्के असे आकडे आले. फरक आहे, तो आम्ही लपवणार नाही. पण दोन्हीकडे प्रमाण घटत गेले आहे. समाजशास्त्राचा खरा प्रश्न इथून सुरू होतो. कायदा वेगळा असूनही वागणूक इतकी सारखी का? जमीन, दारिद्र्य, मूल न होणे, मुलगाच हवा असणे, यांपैकी कोणते कारण दोन्हीकडे सारखे आहे? हा प्रश्न विचारला तर विद्यार्थ्याला विचार करावा लागेल. ‘मुस्लिम बहुपत्नीत्वावर टीप लिहा’ यात विचार करण्यासारखे काही उरतच नाही.

तलाकचेही तेच. तोंडी तीन तलाक सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ रोजी बाद ठरवला, २०१९ साली तो गुन्हा ठरवणारा कायदा आला. गाईडवाल्यांनी फार तर दोन वाक्ये वाढवली असतील. पण तलाक न देताच माहेरी आणून सोडलेल्या, ना सोडचिठ्ठी ना नांदवणे अशा अवस्थेत शिवणयंत्रावर मुले वाढवणाऱ्या बाईचे काय? मराठीत तिच्यासाठी ‘परित्यक्ता’ हा शब्द आहे, त्या शब्दावर चळवळ झाली आहे. पण परित्यक्ता म्हटले की हिंदू बाई डोळ्यांसमोर येते आणि तलाक म्हटले की मुसलमान. आमची सोडून दिलेली बाई दोन्ही प्रकरणांच्या मधल्या फटीत पडते. तिला कोण मोजणार?

‘मुसलमानांमध्ये जवळच्या नात्यात विवाह होतात’ असेही एक वाक्य नेहमी असते. वाचणाऱ्याला वाटावे, ही काही अरबस्तानातून आलेली चाल आहे. मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात विचारा : मामाची मुलगी करण्याची रीत इथल्या कितीतरी हिंदू जातींत आहे की नाही? इरावती कर्वे १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात समाजशास्त्र आणि मानवशास्त्र शिकवत होत्या. भारतातल्या आप्तसंबंधांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ साली आला. त्यांनी नात्यागोत्यांची वाटणी भाषेच्या प्रदेशांवर केली. उत्तरेकडे जवळच्या नात्यात लग्न वर्ज्य, दक्षिणेकडे ते पसंतीचे, आणि महाराष्ट्र या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात. हीच पद्धत पुढे नेली तर परभणीच्या मुसलमानाची तुलना आधी परभणीच्या मराठ्याशी, धनगराशी, बंजाऱ्याशी करावी लागेल, अरबांशी नंतर. आम्हाला चुलत आणि मावस बहीणही चालते, हे शरियतचे झाले. पण एका मोहल्ल्यात प्रत्यक्षात खालाची मुलगी किती जणांनी केली आणि मामाची किती जणांनी? बागवानांत जास्त की सय्यदांत? जमीन असलेल्यांत जास्त की मजुरी करणाऱ्यांत? नव्या पिढीत हे कमी होते आहे का? एक वही आणि दोन महिने हाताशी असले तर बी.ए.ची कुठलीही मुलगी याचे उत्तर आणू शकते. असे उत्तर कुठल्याही गाईडात नाही.

याचा अर्थ असा नव्हे की आमच्यावर कुणी अभ्यासच केला नाही. घौस अन्सारी यांचे उत्तर प्रदेशातील मुस्लिम जातींवरचे पुस्तक १९६० चे आहे. इम्तियाज अहमद यांनी मुसलमानांतील जात आणि सामाजिक उतरंड यांवरचा ग्रंथ १९७३ साली, कुटुंब, नाती आणि विवाह यांवरचा ग्रंथ १९७६ साली संपादित केला. ठिकठिकाणच्या मुस्लिम वस्त्यांत जाऊन केलेले अभ्यास त्यांत आहेत. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवणारे ए. आर. मोमीन आमच्यातलेच. मराठीत फकरुद्दीन बेन्नूर यांनी आयुष्यभर भारतीय मुसलमानांच्या समाजरचनेची मांडणी केली. तेव्हा साहित्य नाही ही सबब चालणार नाही. ते बी.ए.च्या वर्गापर्यंत येत नाही, हे खरे दुखणे आहे. इंग्रजी ग्रंथ मोठ्या शहरांच्या ग्रंथालयांत राहिले, बेन्नूरांची पुस्तके साहित्य संमेलनांच्या मंडपात राहिली आणि वर्गात राहिले ते गाईड.

इथवर दुसऱ्यांचा हिशेब झाला. आता घरचा.

आमच्या समाजात बी.ए.ला समाजशास्त्र कोण घेते? ज्याला बारावीला विज्ञान झेपले नाही तो. किंवा ती मुलगी, जिचे लग्न ठरेपर्यंत तिने ‘कुठेतरी’ शिकत राहावे असे घरच्यांना वाटते. प्रयोगशाळा नाही, खर्च नाही, रोज जावे लागत नाही, ‘काढायला सोपा’ विषय. सत्काराच्या कार्यक्रमांत आमचे पुढारी डॉक्टर-इंजिनिअर झालेल्यांना शाल घालतात. ते जरूर घालावे. पण समाजशास्त्रात पहिल्या वर्गात आलेल्या मुलीला शाल घातल्याचे आम्ही तरी पाहिले नाही. ज्या समाजावर दर चार-दोन वर्षांनी एक समिती बसते, ज्याच्या दारिद्र्यावर अहवाल निघतात, ज्याच्या बायकांवर कायदे होतात, त्या समाजाला समाजाचा अभ्यास करणारी माणसे नकोत, हा केवढा विनोद!

आम्हा उर्दू माध्यमाच्या शिक्षकांना यातला आणखी एक अडसर रोज दिसतो. मुलगी दहावी-बारावीपर्यंत उर्दूतून शिकते आणि बी.ए.ला एकदम मराठी पुस्तकांसमोर येऊन बसते. ‘आप्तसंबंध’, ‘अंतर्विवाह’, ‘पितृवंशीय’, ‘सामाजिक स्तरीकरण’. शब्द पाहूनच ती घाबरते आणि पाठांतराला लागते. खरे तर हे विषय तिच्याइतके कुणाला ठाऊक नाहीत. फुफी, खाला, चची, ममानी, समधन, साढू अशी पन्नास नाती ती क्षणात उलगडून दाखवते. बिरादरीबाहेर मुलगी का देत नाहीत हे तिला दादीने सांगितलेले असते. ‘आप्तसंबंध म्हणजे रिश्तेदारी, अंतर्विवाह म्हणजे बिरादरीतच लग्न’ एवढे कुणी तिला पहिल्या दिवशी सांगितले तर ती उरलेल्या वर्गाला शिकवील. हैदराबादचे मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ १९९८ पासून आहे, तिथे हे विषय उर्दूतून शिकवता येतात, मग परभणीतल्या मुलीसाठी दोनशे शब्दांची एक उर्दू-मराठी शब्दसूची करायला आमच्या संस्थांना कुणी अडवले आहे?

उर्दूत समाजशास्त्राला ‘इम्रानियात’ म्हणतात. हा शब्द इब्ने खल्दूनच्या ‘उम्रान’पासून आला. त्याचा ‘मुकद्दमा’ १३७७ सालचा. राज्ये का उठतात, का पडतात, भटके आणि शहरी लोक वेगळे का वागतात, याचा विचार त्याने युरोपच्या कितीतरी आधी केला. अल बेरुनीने त्याच्याही आधी, १०३० च्या सुमारास, हिंदुस्थानवर ग्रंथ लिहिला आणि त्यासाठी संस्कृत शिकला. आमच्या जलशांत ही दोन नावे हमखास येतात. ‘हे शास्त्र तर आमच्याच बुजुर्गांनी दिले’ म्हणून टाळ्या पडतात. टाळ्या संपल्या की आम्ही घरी जातो. बेरुनी परक्या लोकांना समजून घ्यायला परकी भाषा शिकला, आणि आम्हाला आमच्याच मोहल्ल्यातल्या शिकलगाराचे, छप्परबंदाचे, फकिराचे घर आतून कसे आहे हे ठाऊक नाही. बुजुर्गांच्या नावावर किती दिवस खायचे?

यावर आमचे काही आदरणीय मौलाना लगेच म्हणतील, ‘इस्लाममध्ये जात नाही, मग या चौकशा कशाला?’ इस्लाममध्ये जात नाही, बरोबर. मशिदीच्या सफेत सय्यद आणि फकीर खांद्याला खांदा लावून उभे राहतात, ही आमची मोठी पुंजी आहे. पण सफेतून बाहेर पडल्यावर मुलगी कुणाला द्यायची हे विचारले की काय होते? सय्यदाच्या घरचे स्थळ पिंजाऱ्याकडे जाते का? अशराफ, अजलाफ, अरजल हे शब्द कुणा हिंदुत्ववाद्याने काढलेले नाहीत. बंगालच्या १९०१ च्या जनगणना अहवालात ते आहेत आणि डॉ. आंबेडकरांनी पाकिस्तानवरच्या ग्रंथात तो अहवाल उद्धृत केला आहे. धर्म काय सांगतो आणि गल्ली काय करते यांतले अंतर मोजणे म्हणजे धर्मावर हल्ला नव्हे. उलट हे अंतर झाकणाराच धर्माच्या शिकवणीला दूर ठेवतो.

आणि हे झाकण्याची किंमत कुणी मोजली? जुन्या शाळांच्या प्रवेश रजिस्टरात ‘जात’ या रकान्यात आमच्या आजोबांपुढे ‘मुसलमान’ एवढाच शब्द लिहिलेला सापडतो. लिहिणाऱ्याला वाटले, मुसलमानाला आणखी जात कसली! घरच्यांनाही वाटले, बरेच झाले. महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी राहिली, जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी ती गावोगाव नेली, १९९४ च्या डिसेंबरात शासन निर्णय निघाला. बागवान, अत्तार, तांबोळी, मणियार, पिंजारी, मोमीन, कुरेशी यांना सवलतीची वाट मोकळी झाली. पण प्रमाणपत्र मागायला गेले की १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि पुराव्यात शब्द असतो ‘मुसलमान’. तीन पिढ्या फळांच्या गाड्यावर काढलेल्या बागवानाच्या नातवाला आपण बागवान असल्याचे सिद्ध करता येत नाही. समाजाचे ज्ञान नसणे म्हणजे काय, हे कुणाला पुस्तकातून कळत नसेल तर त्याने या मुलाला तहसीलच्या पायरीवर बसलेले पाहावे. फी माफ होणे आणि न होणे यांतले अंतर त्या एका शब्दाचे आहे.

नावाचेही तसेच. मराठवाड्यात आमची नावे ‘शेख सलीम शेख करीम’ अशी चालतात. आधी मुलाचे, मग बापाचे, दोन्हींच्या आधी शेख. सरकारी अर्ज मागतो आडनाव, स्वतःचे नाव, वडिलांचे नाव. कुणी शेख आधी लिहितो, कुणी शेवटी, कुणी एक शेख गाळतो. मग आधार, टी.सी. आणि गुणपत्रिकेवर एकाच मुलाची तीन नावे होतात आणि दुरुस्तीसाठी महिनोन्‌महिने हेलपाटे. नाव ठेवण्याची पद्धत हा मानवशास्त्राचा पहिल्या वर्षाचा विषय आहे. त्यावर चार पानांचा नीट अभ्यास करून शिक्षण खात्याला दिला असता तर निदान अर्जाचे रकाने तरी बदलायला सांगता आले असते.

मानवशास्त्र म्हटले की आदिवासी आणि कवट्या एवढेच आमच्या लोकांना आठवते. पण आमचा जिल्हा ज्या हैदराबाद संस्थानात १९४८ पर्यंत होता, तिथे या शास्त्राची मोठी परंपरा होती. सय्यद सिराज-उल-हसन यांचा निजामाच्या राज्यातील जाती-जमातींवरचा इंग्रजी ग्रंथ १९२० सालचा. उर्दूतून शिक्षण देणारे उस्मानिया विद्यापीठ १९१८ चे. तिथे १९४० च्या दशकात मानवशास्त्र शिकवणारे ऑस्ट्रियन अभ्यासक फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी चेंचू आणि राजगोंडांमध्ये राहून ग्रंथ लिहिले. तिथल्याच श्यामाचरण दुबे यांनी हैदराबादजवळच्या शमीरपेठ गावाचा अभ्यास केला, तो १९५५ साली पुस्तकरूपाने आला आणि जगभर वाचला गेला. त्या गावात मुसलमानही होते, आणि ते गावाचे एक अंग म्हणून त्यात आले आहेत. एका खेड्याचा असा अभ्यास होऊ शकतो तर पूर्णा, पालम, सोनपेठ, मानवत, सेलू यांनी काय घोडे मारले आहे?

विषयांची वानवा नाही. २०११ च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार होती, त्यांतले सुमारे १६ टक्के आम्ही. शहरात सय्यद शाह तुराबुल हक यांच्या उरुसाला हिंदू-मुसलमान लोटतात. कोण काय नवस बोलते, कोण कोणते काम वंशपरंपरेने करते, हे कुणी लिहून ठेवले? साईबाबांचा जन्म पाथरीचा की नाही यावरून जानेवारी २०२० मध्ये शिर्डी बंद झाली, मुख्यमंत्र्यांना मध्ये पडावे लागले. पाथरीच्या हिंदू-मुसलमान घरांत बाबांविषयी पिढ्यान्‌पिढ्या काय सांगितले जाते, हे शांतपणे टिपून घेणारा एकही विद्यार्थी त्या गोंगाटात दिसला नाही. खेड्यांत मोहरमच्या सवाऱ्या हिंदू घरांत बसतात. गावगाड्यातला मुलाणी कुणाचे काय काम करत होता आणि ते बंद झाल्यावर तो कुठे गेला? ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांत आमची माणसे किती, त्यांची मुले कुठल्या शाळेत बसतात?

आणि १९४८. रझाकारांनी जे केले ते मराठवाड्याच्या इतिहासात लिहिले गेले, ते लिहिलेच पाहिजे. पोलीस कारवाईनंतर साध्या मुसलमानांवर जे ओढवले त्याची चौकशी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने केली. संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत असा तिचा अंदाज होता. तो अहवाल सर्वसामान्यांना वाचायला मिळाला २०१३ साली. पासष्ट वर्षे! तोवर ज्यांनी पाहिले ते बहुतेक कबरीत गेले. ज्या नानी-दादी तेव्हा पाच-सात वर्षांच्या होत्या त्यांतल्या काही अजून आहेत. रझाकारांची झळ सोसलेली हिंदू आजीही त्याच गावात आहे. दोघींच्या आठवणी एका वहीत लिहून घेणारा विद्यार्थी आज निघाला नाही तर उद्या त्याला विचारायला कुणी उरणार नाही.

निजामाच्या वेळची दप्तरे उर्दूत आहेत, मोडीत आहेत. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली तेव्हा मराठवाड्यात उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध करावी लागली. जे उर्दू शिक्षण ‘कशाला उपयोगाचे’ म्हणून हिणवले जाते, तेच या प्रदेशाचा समाज वाचण्याची किल्ली आहे. उर्दू येणारा समाजशास्त्राचा पदवीधर हे मराठवाड्याचे दुर्मिळ मनुष्यबळ ठरू शकते. आम्ही त्याला बेकार म्हणतो.

एक आक्षेप मात्र आम्ही हलका मानत नाही. मोहल्ल्यातले जाणते लोक म्हणतात, ‘दिवस वाईट आहेत. आपल्या घरातले, नात्यातले, बिरादरीतले लिहून ठेवायचे, आणि ते उद्या आपल्यावरच उलटवले तर?’ २०१९ च्या अखेरीस नागरिकत्वाच्या कायद्यावरून जे वातावरण होते, त्यात दारात वही घेऊन येणाऱ्याची भीती वाटणे साहजिक होते. ही भीती खोटी नाही. पण तिचे उत्तर गप्प बसणे हे नाही. ज्यांना आमची बदनामी करायची त्यांना आमच्या वहीची गरज पडत नाही. त्यांचे काम गाईडातल्या मुसलमानावर भागते. खऱ्या माहितीची गरज आहे ती आम्हाला. सच्चर समितीने २००६ साली अहवाल दिला तेव्हा ‘मुसलमानांचे लाड होतात’ या पन्नास वर्षांच्या प्रचाराला पहिल्यांदा उत्तर मिळाले, आणि ते आकड्यांनी दिले, जलशांनी नाही. राज्यातल्या महमूद-उर-रहमान समितीच्या २०१३ च्या अहवालानंतर २०१४ साली पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला. उच्च न्यायालयाने शिक्षणातल्या त्या पाच टक्क्यांना तेव्हा स्थगिती दिली नाही. पुढे अध्यादेशाचा कायदा झाला नाही, तो राजकारणाचा दोष. पण न्यायालयापुढे जे टिकले ते माहितीच्या जोरावर.

भीतीवर उपायही याच शास्त्रात आहे. ज्याची माहिती घ्यायची त्याला आधी हेतू सांगावा, त्याची परवानगी घ्यावी, नावे बदलावीत, घराची खूण पटेल असे काही छापू नये, बाईची माहिती बाईनेच घ्यावी. हे नियम पहिल्या वर्षापासून शिकवले पाहिजेत. आम्ही शिक्षक मतदारयाद्या घेऊन घरोघर फिरतो, ४ जुलै २०१५ रोजी राज्यभर शाळाबाह्य मुलांच्या शोधात फिरलो. लोक दार उघडतात, चहा विचारतात, खरे सांगतात. विचारणारा आपला आहे एवढा विश्वास त्यांना पुरतो.

आता केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केले की येत्या जनगणनेत जात विचारली जाईल. १९३१ नंतर असा प्रसंग प्रथमच येतो आहे. २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत जाती विचारल्या, पण ते आकडे बाहेर आलेच नाहीत. बिहारने २०२३ साली आपल्या जातगणनेत मुसलमानांच्या जाती वेगवेगळ्या मोजून छापल्या. आमच्या मोहल्ल्यात मोजणारा आला की आमची माणसे काय सांगणार? ‘मुसलमान’? ‘शेख’? की जे आहे ते? ज्याला आपली बिरादरी, धंदा, वंश यांची नीट नोंद नाही, त्याच्या रकान्यात जे पडेल तेच पुढची कित्येक वर्षे खरे मानले जाईल.

डॉ. आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात ‘भारतातील जाती’ हा निबंध वाचला. तो मानवशास्त्राचे अध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात. वय वर्षे २५. ज्यांच्यावर इतरांनी ग्रंथ लिहिले होते, त्यांच्यातला एक मुलगा स्वतःच्या समाजाविषयी शास्त्राच्या भाषेत बोलायला उभा राहिला. दलित साहित्याच्या पाठीशी हे बळ होते. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आमच्या लेखकांनी कविता लिहिल्या, कथा लिहिल्या, आत्मकथने लिहिली. त्यांचे ऋण आहेच. पण कवितेने वेदना सांगितली तरी तिने प्रमाणपत्र मिळत नाही आणि गाईडही बदलत नाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. अभ्यासमंडळांवर बसणाऱ्यांनी ‘मुस्लिम विवाह’ हे सुटे प्रकरण काढून टाकावे आणि महाराष्ट्रातील विवाह, कुटुंब, जात, स्थलांतर या प्रत्येक प्रकरणात मुसलमानाला त्याच्या गावासह, धंद्यासह जागा द्यावी. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीला क्षेत्र प्रकल्प आणि समाजसहभाग यांना श्रेयांक दिले आहेत. ते प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानातून विकत न आणता विद्यार्थ्यांनी आपल्या मोहल्ल्यात, तांड्यावर, वाड्यावर जाऊन करावेत आणि प्राध्यापकांनी कोऱ्या डोळ्यांनी सही करू नये. आमच्या शिक्षणसंस्थांनी दरवर्षी अशा दहा चांगल्या प्रकल्पांना डॉक्टर-इंजिनिअरांच्या बरोबरीने बक्षीस द्यावे. इम्तियाज अहमद यांच्या ग्रंथांतले निवडक लेख मराठीत आणि उर्दूत आणण्याचे काम या वार्षिकाच्या लेखकांनी वाटून घ्यावे. दर अंकात एका मोहल्ल्याचा, एका बिरादरीचा, एका गावाचा अभ्यास छापला गेला पाहिजे. लिहिणारा बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाचा असला तरी चालेल, मराठी थोडे मोडके असले तरी चालेल. संपादक ते नीट करतील.

आणि आईबापांना एकच सांगणे. मुलीने समाजशास्त्र घेतले म्हणून कमीपणा मानू नका. ती वही घेऊन नानीजवळ बसली, शेजारच्या शिकलगाराच्या घरी गेली, कब्रस्तानातल्या जुन्या पाट्या वाचू लागली, तर ‘हे कसले शिकणे’ म्हणू नका. तिला जाऊ द्या.